बाण

ऑपरेशनला जेमतेम अर्धा तास उरला होता आणि बाबांच्या उजव्या खांद्यावरचा बाण गायब होता. कोणता खांदा उघडायचा ते कळावं म्हणून डॉक्टरांनी सकाळीच पेनाने काढलेला बाण.

“बाबा, बाण कुठंय?” लेकीने विचारलं.

“पुसला. स्पिरिटच्या बोळ्याने. शेपटी वाकडी, टोक बोथट. चाळीस वर्षं बोर्ड रंगवले मी. असलं काम अंगावर घेऊन चारचौघांत झोपू?”

लेकीने कपाळावर हात मारला. महिन्यापूर्वी बाबा बोर्ड रंगवताना शिडीवरून पडले होते. खांद्याचा स्नायू हाडाशी बांधणारी दोरी तुटली आहे, असं निदान झालं. तपासताना डॉक्टर म्हणाले, “हात वर करा.” हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा बाबांनी अख्खं अंग डावीकडे कलवलं आणि म्हणाले, “हा बघा, केला!” दोरी शिवली नाही तर ब्रश पुन्हा खांद्याच्या वर जाणार नव्हता. आणि आईला जाऊन चार महिने झाले होते. तेव्हापासून बाबा तिच्याबद्दल बोलायचे ते फक्त ब्रश हातात असताना.

“अहो, मग नवा तरी काढायचा!”

“काढलाय की.” बाबांनी गाऊन डावीकडून खाली ओढला. डाव्या खांद्यावर मार्करने काढलेला देखणा बाण, गळ्याकडे रोखलेला. त्याखाली दंडावर टपोरी अक्षरं: ‘हा नव्हे, पलीकडचा.’

“डाव्या खांद्यावर?”

“उजव्या हाताने उजव्या खांद्यावर कसं काढणार? आणि डाव्या हाताने मी आयुष्यात टिंब दिलेलं नाही.”

तर्क बिनतोड होता. फक्त सिस्टर आत आल्या तोवर बाबांनी गाऊन वर ओढला होता. अक्षरं झाकली गेली, बाण तेवढा बाहेर राहिला.

“अगंबाई! कागदावर उजवा आणि बाण डावीकडे?”

सिस्टर धावल्या. भूल देणारे डॉक्टर आले, त्यांच्यामागून मोठे डॉक्टर. त्यांनी गाऊन सरकवला, मजकूर वाचला, आणि पुन्हा एकदा मोठ्याने वाचला.

“काका, उजवा हात वर करा.”

बाबा मुकाट्याने डावीकडे कलले.

“हाच खांदा,” म्हणत डॉक्टरांनी पेन काढलं.

“जरा सरळ येऊ द्या.”

“काका, मला शिवणकाम येतं, चित्रकला नाही.”

“मग शेपटी तरी—”

“बाबा!” लेक ओरडली.

पुढचे दोन तास ती बाहेरच्या बाकावर बसून होती. शेजारच्या रिकाम्या जागेवर तिने पर्स ठेवली, मग उचलून मांडीवर घेतली. अखेर डॉक्टर आले. “दोरी पक्की बसलीय. सहा आठवडे हात झोळीत, मग व्यायाम. रंगवतील पुन्हा.”

स्ट्रेचर आलं. पट्टी तिच्या डाव्या बाजूला दिसली. चुकीचा खांदा तर उघडला नाही? ती झटकन वळली, बाबांकडे पाठ करून उभी राहिली आणि स्वतःचा उजवा खांदा चाचपला. मग कुठे तिचा श्वास सुटला.

“पाठ काय फिरवतेस गं?” बाबा गुंगीत पुटपुटले.

“उजवा कुठला ते बघत होते.”

“आईवर गेलीस. स्कूटरवर मागे बसून म्हणायची ‘उजवीकडे घ्या’ आणि हात दाखवायची डावीकडे. मी आपला तिचा हात बघून वळायचो. कधी चुकलो नाही. एकदा तर...”

“काका, आता बोलू नका, झोपा बरं,” सिस्टर म्हणाल्या.

“राहू द्या, सिस्टर,” लेक म्हणाली, “बोलू द्या त्यांना.”