मास्तरांच्या खड्ड्यावरचा देव

झाकलेली वस्तू झाकलेली राहू देणं आमच्या शेजारच्या नानाजी मास्तरांना जन्मात जमलं नाही. भात शिजत असला की ते पुन्हापुन्हा झाकण उचलून बघत, त्यामुळे त्यांच्या घरी भात कायम अर्धाकच्चा. लावलेला लसूण उकरून कोंब आला का बघताना तर मी स्वतः त्यांना धरलंय. वर म्हणायचे, "पायल्याबिगर कसं समजन?"

अशा माणसाने खड्ड्यात चारा मुरत घालायला घेतला, तेव्हा अमरावतीची आमची सगळी आळी हसली.

चारा हवा होता तो सोमा धनगराच्या मेंढ्यांसाठी. सोमा दर हिवाळ्यात कळप घेऊन यायचा आणि मास्तरांच्या घरालगतच्या मळ्यात उतरायचा. संध्याकाळी दोघं बिड्या ओढत बसत. बोलणं फारसं नसे, पण मास्तर त्या दिवसांत खुशीत असत. त्या वर्षी चार मेंढ्या लंगडायला लागल्या. "परतीच्या वाटेवर नेतो, मास्तर. तवर सांभाळा," असं सांगून सोमा पुढे गेला.

आता वैशाखात त्यांना घालायचं काय? नागपूरहून आलेल्या शेतकी साहेबाने प्रदर्शनात दाखवलेली युक्ती मास्तरांना आठवली. गावातल्या सरबताच्या कारखान्यातून संत्र्याच्या साली आणि चोथा गाडीभर फुकट मिळाला. त्यात कडब्याची कुट्टी मिसळली. धोतर खोचून मास्तरांनी ते सगळं स्वतः तुडवलं आणि वर मातीने लिंपून टाकलं. दीड महिना हवा लागू द्यायची नाही, एवढंच पथ्य.

तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या हातात फावडं. "निस्ता वास घेतो." पुढे रोजच वास घेतला. चाऱ्याला बुरशी आली, मेंढ्यांनी तोंड फिरवलं. संत्र्याचा हंगाम संपत आला होता. साली आता एकाच खड्ड्यापुरत्या मिळणार होत्या. तोही गेला तर मेंढ्या जगवणं कठीण होतं, आणि सोमाला तोंड काय दाखवायचं या काळजीने मास्तर जेवेनासे झाले.

दुसरा खड्डा लिंपला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावर एक शेंदूर फासलेला दगड होता.

मास्तर फावडं घेऊन तसेच उभे. "हा कोनं ठेवला?"

"देव का कोनी ठेवते?" मास्तरांच्या बायको, आमच्या काकू, सडा घालता घालता म्हणाल्या. "उकरा आता."

मास्तरांची हिंमत झाली नाही. आठवडाभरात तिथे फुलं पडू लागली. भाजीवाल्या माळिणी बाजाराला जाताना हात जोडू लागल्या. एकीने तर नारळ फोडला.

दीड महिन्याने देवाची परवानगी घेऊन त्याला कडुनिंबाखाली बसवलं आणि खड्डा उघडला. आंबूसगोड वास माझ्या ओसरीपर्यंत आला. मेंढ्या तुटून पडल्या. मास्तर येईल त्याच्या नाकाखाली मूठ धरायचे, "घ्या, वास घ्या." आमच्याकडे आलेल्या व्याह्यांनाही ती मूठ चुकली नाही.

ज्येष्ठात सोमा आला. गुबगुबीत मेंढ्या पाहून खूप हसला. मास्तरांनी एकेक मेंढी मिरवून दाखवली. "घेऊन जाय बाप्पा तुह्या लेकी," म्हणाले खरे, पण त्यांचा चेहरा मला बघवेना.

कळप हलला. मास्तरांनी मागची एक मेंढी धरली, तिचा पाय उचलून बराच वेळ बघितला.

"सोमा, इचा पाय अजून बरा नाई. लंगडून राह्यली."

मेंढीने पाय सोडवला आणि टणकन उडी मारून नाली ओलांडली.

सोमाने मेंढीकडे बघितलं, मग मास्तरांकडे.

"लंगडते तं खरं," तो म्हणाला. "राहू द्या तुमच्यापाशी. हिवाळ्यात येतो, तवा पाहू."