न लागलेलं दही

सलग तिसऱ्या सकाळी प्रयागबाईंनी गाडग्यावरची झाकणी उचलली आणि त्यांचा चेहरा पडला. दही लागलंच नव्हतं. रविवारी पणतीचं, छकुलीचं, जावळ. दीडशे पानं उठायची आणि मठ्ठा प्रयागबाईंच्या विरजणाचा. पन्नास वर्षांपूर्वी निमगाव केतकीच्या माहेराहून आणलेलं ते विरजण पिंपळीतली अर्धी आळी वाटीतून न्यायची. त्या विरजणावरच तर बाईंचा गावात तोरा होता.

तेवढ्यात शेजारची सारजा रिकामी वाटी घेऊन दारात आली. "काय वो आक्का, तुमच्या विरजणानं आमचंबी दूध दुधासारखंच ऱ्हायलं की!" हे तिनं आळीला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं.

प्रयागबाईंनी आधी गाईला दोष दिला, मग सारजाच्या नजरेला. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. शेवटी त्यांना फ्रिजमधली बाटली आठवली. नात वृषाली बारामतीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती, जंतूंच्या प्रयोगाची ती बाटली तिची.

"तूच मारलंस माझं विरजण!"

"आज्जी, बाटलीचं सील तरी तुटलंय का?" म्हणत वृषालीनं गाडग्यातलंच थोडं दूध तपासायला कॉलेजात नेलं. दुसऱ्या दिवशी ती नाचतच परतली.

"चोर तुझ्या गाडग्यातच हाय. विषाणू! दह्याच्या जिवाणूत शिरतो, आत पिल्लं घालतो आणि असलं एन्झाइम सोडतो, की जिवाणूची भिंतच विरघळती. घर फुटलं की पिल्लं पुढच्या घरात!"

"घरफोड्याच की मेला! आला कुठनं?"

"गाडगं शेवटचं कधी घासलंस?"

"विरजणाचं गाडगं घासत्यात व्हय? नुसतं विसळायचं. घासलं तर बरकत जाती."

वृषालीनं कपाळावर हात मारला. गाडगं बाद झालं, स्टीलची पातेली उकळत्या पाण्यानं धुतली गेली. नवं विरजण मात्र दुकानातलं, प्लॅस्टिकच्या डब्यातलं. प्रयागबाईंनी ते पदराखाली लपवून घरात आणलं. 

रविवारी सारजानं मठ्ठ्याचा तिसरा पेला रिचवला. "असलं विरजण तालुक्यात न्हाय, आक्का. माहेरचं ते माहेरचं!"

प्रयागबाईंनी पदर सावरला आणि दुसरीकडं बघितलं.

वृषाली हळूच कानाशी लागली. "आज्जी, सर म्हणत्यात, तुझा विषाणू नवाच दिसतोय. ज्याला घावला, त्यानं नाव ठेवायचं. प्रयाग ठेवू?"

प्रयागबाईंनी चौथा पेला भरून घेणाऱ्या सारजाकडं पाहिलं.

"माझं कशाला? सारजा ठेव. आपलं नाव व्हावं म्हणून लई वर्सं झुरतीय बिचारी."