काटा खाली येईपर्यंत

भवानीनगरच्या आमच्या गल्लीत तात्यांचा ट्रक येतो, थांबतो, पण बंद होत नाही. तात्या स्टिअरिंगवर हात ठेवून आत बसून राहतात आणि इंजिन घरघरत राहतं. नवीन माणसाला वाटतं, ह्यांना अजून कुठं जायचंय. कुठंही जायचं नसतं. तात्या काटा खाली यायची वाट बघत असतात.

हा काटा त्यांनी बारामतीहून बसवून आणला. ड्रायव्हरसमोर एक गोल मीटर आहे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर किती तापलाय, ते तो दाखवतो. ऊस भरून चढाला लागलं की काटा वर सरकतो. आणि तापलेली गाडी एकदम बंद केली की इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या टर्बोचं वाटोळं होतं, असं तात्यांचं म्हणणं. "आतलं ऑइल करपतं, बघ. दुधाचं पातेलं करपलं तर घासता येतंय. ह्ये न्हाय घासता येत."

एकदा निरवांगीहून मी त्यांच्या केबिनमध्ये बसून आले. कालव्याच्या चढावर काटा जरा वर गेला आणि तात्यांनी पाय ढिला सोडला. उसाची बैलगाडी आम्हाला मागं टाकून गेली. गाडीवान मान वळवून हसला. मी लाजेनं तोंडावर पदर ओढला. तात्या शांतपणे म्हणाले, "हसू दे. बैलाला टर्बो नसतो."

माणसांनाही ते हाच नियम लावतात. माझा नवरा एकदा माझ्याशी भांडून तणतणत निघाला, तर तात्यांनी मोटारसायकलची किल्लीच काढून घेतली. "तापल्यालं तसंच न्यायचं न्हाय. बस हितं. काटा खाली येऊ दे." नवरा त्यांच्या ओट्यावर बसला आणि थोड्या वेळानं निमूट घरात येऊन भाकरी मागायला लागला. त्या दिवशी मला तात्या देवमाणूस वाटले. एरवी नाही.

कारण माझी कपड्यांची दोरी. तात्या ट्रक लावतात तो स्वतःच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला अगदी खेटून, आणि सगळा धूर येतो माझ्या दोरीवर. नवऱ्याचे पांढरे शर्ट करडे झाले. कितीदा सांगितलं, तात्या, कोपऱ्यावर कडुलिंबाखाली एवढी जागा पडलीय, तिथं लावा. गल्लीत कुणालाच नाही न म्हणणारा हा माणूस एवढ्यालाच अडायचा. "तितं न्हाय जमायचं." का, ते सांगायचे नाहीत.

शेवटी परवा मी चिडले. ट्रक घरघरायला लागला तशी काळवंडलेली चादर घेऊन काकींकडं, म्हणजे तात्यांच्या बायकोकडं गेले. काकींना दोन-तीन वर्षांपासून काहीच ऐकू येत नाही. कानातलं यंत्र लावलं की डोकं दुखतं, म्हणून ते डब्यात पडलंय. नुसती चादर समोर धरायची, बोलायचं कामच नाही, असा माझा बेत.

काकी पाठमोऱ्या उभ्या होत्या. भिंतीवरच्या मांडणीला त्यांनी तळहात टेकला होता. ट्रकच्या घरघरीनं मांडणीतली ताटं बारीक थरथरत होती. त्यांनी चहाचं आधण ठेवलं, वळल्या आणि मला बघून हसल्या.

"पह्यलं गाडीच्या आवाजावर च्या टाकायची मी," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "कान गेलं, मंग ह्ये कवा आलं त्येच कळंना. माणूस दारात हुबा, आन् मला पत्त्या न्हाय. लई रडायची. मंग ह्येंनी गाडी भिताडाला आणून लावली. आता ताटं सांगत्यात, आलं म्हणून."

खिडकीतून केबिन दिसत होती. तात्या मीटरकडं बघतच नव्हते. ते खिडकीकडं बघत होते. काकींनी हात वर केला, आणि ट्रक बंद झाला.

मला माझ्या चादरीची लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं. तात्या आत आले, चादर बघून ओशाळले.

"काटा आला का खाली?" मी विचारलं.

"त्यो व्हय?" काकींच्या हातातला कप घेत ते म्हणाले. "गल्लीत हळूच येतो न्हवं मी. त्यो वळणावरच खाली आल्याला असतो."

दुसऱ्या दिवशी मी दोरी मागच्या अंगणात बांधली. नवऱ्याला सांगितलं, मागं ऊन चांगलं येतं.