कवळीवाले काकांनी डोमेन सोडविले त्याची हकीकत

काकूंची आज्ञा जाहली की डोमेनाच्या मोहिमेचे वर्तमान साद्यंत लिहावे, पदरचे घालू नये, म्हणोन लिहिले. ज्यास लटके वाटेल त्याने खुद्द काकूंस विचारावे, छाती असल्यास.

समस्तबोळकेउद्धारक, दंतश्रीमंत कवळीवाले काका यांचा कारखाना घरच्या मागील खोलीत, आणि कीर्ती वेबसाइटीवर. दूरदूरचे दातांचे डॉक्टर तेथूनच कवळ्या मागवीत. पेशजी ही वेबसाइट जावयांनी उभारिली आणि तिचे नाव, ज्यास डोमेन म्हणतात, आपल्याच खात्यात नोंदिले. तेव्हा घरात गोडी होती, सबब कोणास गैर वाटले नाही. मग एके दिवशी भोजनसमयी जावई हसत वदले, "बाबा, जगाच्या कवळ्या बसवता, तुमची मात्र टकटक वाजते." कवळी स्वहस्ते घडविलेली! काका ताटावरून उठले, आणि जावई घराबाहेर पडले, आणि मागोमाग लेकीचे माहेरी येणे बंद पडले. काकू रोज फाटकाकडे पाहात, आणि काका आपण पाहातच नाही ऐसे दाखवीत.

ऐसे असता डोमेनाची मुदत सरत आली. सरली म्हणजे नाव कोणी परका उचलील आणि धंदा बुडेल. मग काकांनी ते आपल्या खात्यात ओढून आणण्याचा मनसुबा केला, आणि नावे विकणाऱ्या कंपनीशी फोनावर खलबत मांडिले. पुष्कळ काळ वाद्ये ऐकविल्यावर मदतनीस बाईंनी निवाडा दिला की डोमेनास कुलूप आहे. ते काढून हस्तांतराचा कोड देणे हा अखत्यार खातेदाराचा. काकांनी वडीलकीचा धाक घातला, आपले वय पुढे केले. बाईंनी सर्व अदबीने ऐकून घेतले आणि पुन्हा वाद्ये लाविली.

मग उरला एकच घाट, जावयांस फोन. काकांनी फोन उचलावा, ठेवावा, चष्मा पुसावा, आणि वेबसाइट हे थोतांड आहे ऐसे तत्त्वज्ञान सांगावे. अखेर काकूंनी फर्मान सोडिले, "मी नंबर लावलाय. बोला, नाहीतर आजपासून स्वयंपाक तुमचा तुम्ही करा." पलीकडून जावई "हॅलो, हॅलो" करू लागले, आणि आमचे रणशूर मूग गिळून उभे. जबडा मात्र थरथरला आणि कवळी वाजली, टकटक.

ती ऐकताच जावई बोलिले, "बाबा? तुम्हीच ना? बरे आहात ना?"

काकांनी सारे शौर्य एकवटून म्हटले, "ते डोमेन... जाऊ द्या ते. आमची पोर कशी आहे?"

त्याच संध्याकाळी लेक-जावयांची स्वारी दाखल जाहली. जावयांनी मुदत वाढविली, कुलूप काढिले, आणि कोड काकांचे हाती दिला. काका बटण दाबणार, तोच काकूंनी माऊस मुठीत धरला आणि हुकूम केला, "राहू दे त्यांच्याच खात्यात. तुमच्या हातात आलं, की पुन्हा फोन कराल का तुम्ही?"



येणेप्रमाणे काकांची फत्ते जाहली. डोमेन जागचे हालले नाही, कोड वाया गेला, आणि लेक मुक्कामास राहिली. रात्री जेवताना कवळी वाजली. ती दुरुस्त करू नये, ऐसी काकूंची सक्त ताकीद आहे.