मोघेजींचा सविनय अर्ज

मोघेजी एआयला अर्ज लिहितात. आमच्या इंदूरच्या सॉफ्टवेअर कंपनीतली बाकीची मंडळी 'ये एरर ठीक कर' एवढं टाइप करून मोकळी होतात. मोघेजी सुरुवात करतात 'माननीय सहायक महोदय' अशी. मग विषय, मग संदर्भ, मग क्रमवार तपशील: प्रोग्राम काय करतो, त्याने काय करायला हवं, कुठे अडलाय आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही. शेवटी 'आपला विश्वासू'. आजोबा-पणजोबा संस्थानच्या कचेरीत होते, ते वळण असं कुठे जाणार?

"भिया, घाई आहे म्हणूनच तर डिटेल में लिहितोय," ते मला खास इंदुरी थाटात सांगायचे. मी शेजारच्याच टेबलावर, वयाने पंचवीस वर्षांनी लहान आणि अकलेने स्वतःला मोठा समजणारा. पहिल्यांदा तो अर्ज वाचून पोट धरून हसलो होतो.

हसू फार टिकलं नाही. माझी त्याच एआयशी दुपारभर हुज्जत चालायची. मोघेजींचं काम एका अर्जात, फार तर एका स्मरणपत्रात उरकायचं. एकदा एआयने अस्तित्वातच नसलेलं फंक्शन बेधडक वापरलं, तेव्हा मोघेजींनी चक्क 'कारणे दाखवा' नोटीस बजावली. त्याने अर्धं पान माफी मागितली. ती वाचून मोघेजी प्रसन्न झाले, पण नवीन कोडची ओळ न् ओळ तपासल्याशिवाय पुढे गेले नाहीत. "लिहो कोणी पण, सही तर माझी आहे ना!"

हा सगळा आटापिटा चार वाजता निघण्यासाठी. पूर्वी त्याच कामाला सात वाजायचे. आता चारला पिशवी खांद्यावर, मग आकाश कोसळो.

हे साहेबांच्या नजरेत आलं. "मोघेजी, टाइम बच रहा है तो एक प्रोजेक्ट और लीजिए. टीम लीड बना देंगे."

"नहीं साहब. चार बजे जाना है."

"फिर किसी और को देना पड़ेगा."

"दे दीजिए."

ते पद मला मिळालं. नियम म्हणून पेढे वाटले, पण मोघेजींना ते ऑफिसात द्यायची मला लाज वाटली. एका शनिवारी नाक्यावर चहा पिऊन धीर केला आणि डबा घेऊन त्यांच्या जुन्या इंदूरच्या घरी पोचलो.

मोघेकाकू खुर्चीत बसल्या होत्या. गेल्या वर्षीच्या पक्षाघाताच्या झटक्यात त्यांची वाचा गेली, हे मला तेव्हा कळलं. "संध्याकाळी थकते ती," मोघेजी म्हणाले. "शब्द येतात ते साडेपाचपर्यंत. रोज बोलायच्या सरावाला बसतो आम्ही." त्यांनी डबा उघडून पुढे धरला. "बघ, ह्याने काय आणलं? सांग."

काकूंचे ओठ हलले. आवाज येईना. मिनिट गेलं, दोन गेली. मला बघवेना. मी 'पे–' म्हणालो, तोच मोघेजींनी माझा हात दाबला.

"थांब रे. तिचा शब्द आहे, तिला बोलू दे."

आम्ही थांबलो. ऑफिसात मिनिटामिनिटासाठी झगडणारा हा माणूस तिथे असा बसला होता, जणू त्याला दुसरं कामच नाही. काकूंनी डब्यावरची नजर काढली, माझ्याकडे बघितलं आणि सगळा जीव एकवटून म्हणाल्या, "च... हा?"

"अगं, तू आपणहून पाहुण्याला चहा विचारलास!" म्हणत मोघेजी उठले आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात पळाले.

नाक्यावरचा चहा अजून जिभेवर होता. तरी म्हणालो, "हो काकू, घेईन ना. कप भरून घेईन."