बगळा नव्हे, गायबगळा

कांबळेबाईंनी एकदा स्वारगेटहून आलेली अख्खी बस एका बगळ्यापायी अडवून धरली होती. लोणी काळभोरच्या अलीकडे, कवडीला आम्ही उतरत होतो. कंडक्टर भला माणूस. म्हणाला, "जावा, बगळं बघा निवांत." बाईंचा एक पाय पायरीवर, एक रस्त्यावर. त्या तशाच थांबल्या आणि शेतातल्या म्हशीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तिच्या पाठीवर बसलाय तो गायबगळा. बगळा वेगळा. म्हणा, गायबगळा." ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला. शेवटी कंडक्टर म्हणाला, "गायबगळा. आता सोडा मावशी, ड्युटी हाय." मग बाईंनी दुसरा पाय खाली घेतला.

या बाई आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त. दर रविवारी आम्हा सात-आठ हौशी लोकांना पाषाण तलाव, खडकवासला नाहीतर कवडीचं नदीपात्र असं फिरवतात. फिरवतात म्हणजे हाकतातच. चूक अजिबात खपत नाही. मी पाणकावळ्याला बदक म्हटलं, तर म्हणाल्या, "बदक आलं की कळवीन मी तुम्हाला." आमच्यातला निखिल नुकताच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलेला. त्याचा मोबाइल वाजला की संपलंच. इनकमिंगलाही पैसे पडतात, तरी पोरगं तो कौतुकानं कमरेला लावून यायचं. बाईंनी त्याला शांतपणे सांगितलं, "ज्यांना महत्त्वाचे फोन येतात, त्यांनी रविवारी ऑफिसातच बसावं. तिथे पंखाही असतो."

खरे पक्षीवाले म्हणजे त्यांचे यजमान, कांबळेसाहेब. पाटबंधारे खात्यात होते. धरणांवर हिंडता हिंडता पक्षी शिकले आणि मग बाईंच्या मागे लागले. बाई सांगायच्या, "लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला नेलं ते पानशेतला. मी म्हटलं, किती गोड चिमण्या. झालं. तिथेच माझा तास सुरू झाला, तो आजवर सुटलेला नाही."

तो तास गेल्या दिवाळीत सुटला. साहेबांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कळत सगळं होतं, शब्द तेवढा येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे आवाज ऐकवत राहा, बोलतं करा. मग रोज संध्याकाळी जिन्यात ऐकू यायचं, "हे काय? वाटी. म्हणा, वाटी." पुढे काहीच नाही. पुन्हा बाईंचाच आवाज, "बरं, राहू दे. हे काय? चमचा." भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना मी क्षणभर थांबायचो. साहेबांचा आवाज कधी आलाच नाही.

तरी बाईंनी रविवार सोडला नाही. घरी साहेबांजवळ एक मावशी बसायच्या.

माघातली सकाळ होती. कवडीच्या बंधाऱ्याजवळ चक्रवाकांची जोडी उतरली होती आणि मोठमोठ्यानं ओरडत होती. बाईंनी पिशवीतून चक्क मोबाइल काढला, नवा कोरा, आणि घरचा नंबर लावला. निखिल हसायच्या बेतात होता, मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. "मावशी, रिसीव्हर साहेबांच्या कानाला लावा," एवढं बोलून बाईंनी हात लांब केला आणि फोन पाण्याकडे धरला. चक्रवाक ओरडतच होते. मग फोन कानाशी नेऊन बाई म्हणाल्या, "ऐकलंत? कोण आहे, सांगा बरं. घाई नाही."

बराच वेळ त्या नुसत्या ऐकत उभ्या होत्या. त्या फोनचा आवाज मोठा होता. आधी घशातली घरघर आली, आणि मग तुटक, ओढून काढल्यासारखं, "टि... टवी."

आसपास कुठेही टिटवी नव्हती.

"हो," बाई म्हणाल्या. "टिटवीच. बरोबर ओळखलंत." मग त्यांनी फोन पिशवीत ठेवला.

निखिलला साहेबांचं काही ठाऊक नव्हतं. चक्रवाक मात्र बाईंनीच आदल्या रविवारी त्याच्याकडून घोटून घेतला होता. तो भीत भीत म्हणाला, "बाई, पण हे तर चक्रवाक ना?"

बाईंनी पदरानं डोळे पुसले, आमच्यादेखत.

"चक्रवाकच आहेत," त्या म्हणाल्या. "पण इतक्या दिवसांनी एक शब्द आलाय त्यांच्या तोंडून. चुकीचा आहे म्हणून परत पाठवू?"