अठरा इंची पातं

लांबलचक खोकं दारात आलं तेव्हा रेणूला वाटलं, नवऱ्याने क्रिकेटची बॅट मागवली. आतून निघाली चकचकीत नेपाळी कुकरी.

"अतुल, काय आहे हे?"

"फणस कापायला मागवलीय."

"फणस कापायचाय की लढाईवर जायचंय?"

फणस आयसेलिनच्या भारतीय दुकानातून आणलेला होता आणि गेले तीन दिवस जर्सी सिटीतल्या त्यांच्या अकराव्या मजल्यावरच्या घरभर दरवळत होता. त्यांच्याकडे राहायला आलेली अतुलची सासू, शोभनाबाई, रत्नागिरीच्या. लग्नाला बारा वर्षं झाली, पण जावयाने नारळ हातात घेतला तरी त्या म्हणायच्या, "अतुलराव, तुम्ही बसा." त्या आपल्याला फणस कापताना बघतील आणि एकदा तरी 'वा' म्हणतील, एवढीच त्याची इच्छा होती. त्यासाठी त्याने पंधरा दिवस पात्यांची लांबी, जाडी, वजन यांचं एक्सेल शीट केलं. निष्कर्ष निघाला, की फणस अठरा इंच, म्हणजे पातंही अठरा इंच.

शीटमध्ये छताची उंची नव्हती. कुकरी उगारताच टोक दिव्याच्या काचेला लागलं आणि काच खाली आली. बिचकलेल्या हातातून कुकरी पुढच्या वजनाने स्वतःच खाली गेली, फणसात अर्धी रुतली आणि तिथेच थांबली. अतुलने ओढली, तर मुठीबरोबर अख्खा फणसच वर आला.

"पात्याला तेल लावलं होतंत?" शोभनाबाईंनी विचारलं.

कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळतं की चिकासाठी आधी तेल लावतात. शीटमध्ये तेही नव्हतं.

"मग तुम्ही बसा."

पण आज तो बसायला तयार नव्हता. चौथ्या मजल्यावर विक्रम गुरुंग राहायचा, नेपाळमधल्या पोखऱ्याचा; अतुल कुकरीसकट फणस उचलून त्याच्याकडे निघाला. लोक घाबरतील म्हणून रेणूने फणसावर टॉवेल टाकला, त्यामुळे प्रकरण आणखीच संशयास्पद दिसू लागलं. लिफ्टमध्ये एक बाई कुत्र्यासह शिरल्या. टॉवेलमधून बाहेर आलेली मूठ आणि टपटपणारा पांढरा चीक त्यांनी पाहिला.

"फ्रूट," अतुल म्हणाला.

कुत्रा बाईंच्या मागे लपला आणि दोघं पुढच्याच मजल्यावर उतरली.

विक्रमने टॉवेल बाजूला केला आणि आधी हात जोडले. "दाइ, ये तो दसैं का है, हमारे दशहरे का! इससे भैंसा काटते हैं, दोनों हाथ से, एक वार में. घर में कौन रखता है यार?"

तो आपली स्वयंपाकघरातली कुकरी घेऊन वर आला. जेमतेम दहा इंचांची, मधे वाकलेली आणि वाकल्यानंतर रुंद होत गेलेली.

"लंबाई नहीं काटती, पेट काटता है," तो रुंद भागावर बोट ठेवून म्हणाला. "सारा वजन यहाँ. हाथ सिर्फ उठाता है."

त्याने पात्याला तेल लावलं, हात खांद्यापर्यंतही न नेता सोडला. खच्च! फणस उघडला आणि आत पिवळेधमक गरे. अतुलच्या अंगावर सरसरून काटा आला. एवढंसं लोखंड, आणि त्याला इतकं नेमकं कळत होतं.

आता मोठी कुकरीही सुटली होती. अतुल निमूटपणे ती परत खोक्यात घालू लागला.

"थांबा," शोभनाबाई म्हणाल्या.

त्यांनी जमिनीवर कागद पसरला, अठरा इंची पात्याला तेल चोळलं आणि मूठ पायाखाली घट्ट दाबली. पातं वाकून आपसूक वर उभं राहिलं, धार त्यांच्याकडे. दोन्ही हातांनी अर्धा फणस त्यांनी त्या बाकदार धारेवर दाबला आणि तो लोण्यासारखा सरकत गेला. चीक मुठीजवळच्या खाचेपर्यंत आला आणि तिथूनच खाली टपकला. पायाखालची मूठ कोरडी राहिली. सत्तर वर्षांच्या त्या बाईचा एक हातही कचरला नाही.

विक्रमने पुन्हा हात जोडले, या वेळी शोभनाबाईंना. "माताजी, ऐसा तो नेपाल में भी नहीं देखा."

शोभनाबाई मात्र पात्याकडेच बघत होत्या. "इथे आल्यापासून उभ्याने सुरीने चिरून कंबर मोडली माझी. अशी दणकट विळी माहेर सुटल्यापासून बघितली नव्हती. अतुलराव, माणसाला पारख आहे हो!"

आपण ती विळी म्हणून घेतलीच नव्हती, हे खरं सांगावं असं एक क्षण अतुलला वाटलं. त्याने तो क्षण जाऊ दिला, लॅपटॉपवरचं शीट हळूच बंद केलं आणि कृतार्थ होऊन सासूबाईंशेजारी मांडी घातली.

"बसताय काय?" शोभनाबाई म्हणाल्या. "उठा. तो दुसरा अर्धा द्या इकडे."